भुसावळला वरच्या मजल्यावर पहिला उन्हाळा: कूलर, पाणी, स्वयंपाक आणि झोप

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्न होऊन तीन महिने झाले. भुसावळला दोन खोल्यांचं भाड्याचं घर, दुसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. बायको नाशिकची, तिला या उन्हाची सवय नाही. दोघंही नोकरीला. नळाला दर तिसऱ्या दिवशी पाणी. नवा कूलर घेतला, पण खोलीत चिकचिक होते. रात्री बारापर्यंत भिंती गरम असतात, सकाळची भाजी संध्याकाळी आंबते. आता एसी घ्यावा का?

एसीचं पुढे बघू. आधी कूलर, कारण तुमचे निम्मे हाल तिथेच आहेत. खोलीत चिकचिक होते याचा अर्थ कूलर घरात ठेवलाय, नाहीतर खिडक्या बंद आहेत. बहुतेक घरांत दोन्ही असतं. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून लोक दारं-खिडक्या लावून घेतात आणि कूलरची सगळी करामत तिथेच संपते.

कूलर काम कसं करतो ते एकदा समजून घ्या. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते, गवतातलं पाणी तिच्यात मिसळतं आणि मिसळताना तिची उष्णता खेचून घेतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हवेत दमटपणा 15-20 टक्क्यांवर येतो. इतकी कोरडी हवा पाण्याला हपापलेली असते, म्हणून 44 अंशांची हवा चांगल्या गवतातून 28-30 अंशांवर उतरते. मुंबईत हे होत नाही. म्हणजे कूलरसाठी खानदेशासारखा मुलूख नाही. पण आत आलेली ही हवा आता ओली झालेली असते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर तीच ओली हवा पुन्हा ओढतो, गवतातलं पाणी सुकत नाही, अंगावरचा घामही सुकत नाही. चिकचिक म्हणतात ती हीच.

म्हणून कूलर खिडकीच्या बाहेर, लोखंडी स्टँडवर बसवा. तोंड तेवढं आत, तिन्ही जाळ्या उघड्या हवेत. भिंत आणि जाळी यांत किमान एक फूट मोकळं हवं. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी असेल तर ती निवडा. पश्चिमेला दुपारभर टबातलं पाणी तापतं. दुसरी जागाच नसेल तर वर हिरवी जाळी बांधा, पण ती कूलरला गुंडाळू नका, दोन फूट अंतर सोडा.

आता समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडा. किती? कूलरच्या तोंडाएवढी जागा तरी, जमलं तर दुप्पट. उदबत्ती लावून त्या फटीजवळ धरा. धूर सरळ बाहेर ओढला जात असेल तर उघडझाप बरोबर आहे. धूर जागीच घोटाळत असेल तर आणखी उघडा. धूर आत येत असेल तर दुसऱ्या कुठल्या खिडकीतून उलटा वारा येतोय, ती खिडकी लावा. बाहेर जायची वाट अशी ठेवा की हवा तुमच्या पलंगावरून जाईल. कूलर बाहेरच्या खोलीत आणि झोपता आतल्या खोलीत, तर मधलं दार उघडं आणि आतल्या खोलीची लांबची खिडकी उघडी. एकाच कूलरवर दोन्ही खोल्या निघतात.

गवताकडे लक्ष द्या. पंप चालू असताना बाहेरून जाळीतून नुसतं बघा: ओलं गवत गडद दिसतं, कोरडं फटफटीत पिवळं. तळहाताएवढा जरी कोरडा पट्टा असला तरी तिथून गरम झळ सरळ आत येते, कारण हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. कोरडा पट्टा पडायची कारणं तीनच. वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजतात. ती खिळ्याने किंवा सुईने मोकळी करायची. कूलर तिरका असतो, त्यामुळे पाणी एका अंगाला पळतं. खाली पातळ फळी सरकवून सरळ करा. किंवा गवत खाली बसून वरती फट पडते. अशा वेळी मूठभर नवं गवत वरून भरायचं. गवताचा थर दीड ते दोन इंच, सगळीकडे सारखा. जास्त कोंबलं तर जास्त गार होईल असं वाटतं, पण हवाच कमी येते. नवं गवत आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, म्हणजे रंग आणि वास दोन्ही जातात. सुरू करताना आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. उलटं केलं तर कोरड्या गवताची धूळ नाकात जाते.

बोअरचं पाणी जड असतं. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार टबातच राहतो आणि दिवसागणिक घट्ट होत जातो. नळाचं पाणी असेल तर चार दिवसांनी आणि बोअरचं असेल तर एक दिवसाआड टब पूर्ण रिकामा करा. ते पाणी संडासात टाका, कुंड्यांना नको. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये घालायची युक्ती पुष्कळ जण करतात. त्यात क्षार आणखी जास्त असतो, महिन्याभरात गवत दगडासारखं होतं. ते फरशी पुसायला वापरा. आठवड्यातून एक दिवस टब कोरडा करून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. काथ्याने कडा घासल्या की अंडी निघतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पत्र्याच्या कूलरने दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. प्लग तीन पिनांचाच हवा आणि भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग हवं. भाड्याच्या जुन्या घरात तिसरं भोक बऱ्याचदा नावापुरतं असतं, म्हणून वायरमनकडून एकदा तपासून घ्या. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारं बटण, बसवून घ्यायला घरमालकाला सांगा. त्याने नाही म्हटलं तर स्वतःच्या पैशाने बसवा. पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. पायात रबरी चप्पल हवी. कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावून दिवा मिणमिणला तरी तो कूलर वायरमनने दुरुस्त करेपर्यंत बंद. "थोडासा करंट मारतो" असं म्हणून वापरायची ती वस्तू नाही.

किरकोळ बिघाड लगेच ओळखता येतात. पंखा नुसता घुमतो पण फिरत नाही, म्हणजे बहुतेक कंडेन्सर गेला. स्वस्तात बदलून होतो. पण चालू असताना पात्याला हात लावून बघू नका. पंपाचा आवाज येतो पण पाणी चढत नाही, तर त्याच्या तळाच्या जाळीत गवताचे तुकडे अडकलेत. पंप कोरडा चालला की जळतो, म्हणून टबात किमान तीन-चार इंच पाणी हवंच.

आता पाणी. कोरड्या दिवसांत मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पितो. दोघंही दिवसभर बाहेर, त्यामुळे संध्याकाळी सातपासून रात्री दोनपर्यंत पंप चालवा. दोननंतर बाहेरची हवाच बरी झालेली असते, पंप बंद करून नुसता पंखा ठेवा. म्हणजे रोजचे 70 लिटर. पिणं-स्वयंपाक 20, दोघांच्या आंघोळी 60, भांडी 25, धुणं सरासरी 40, संडास 50. एकूण 265. तीन दिवसांचे होतात जवळपास 800 लिटर. गच्चीवरची टाकी 500 ची असेल आणि घरात 200 चा ड्रम असेल तर तुम्ही 100 लिटर कमी पडता, आणि ही तूट नेमकी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळते. म्हणून एक 100 लिटरचा झाकणाचा टब आत्ताच घ्या. पाणी सुटायची वेळ दोघांपैकी एकाच्या नोकरीत अडकत असेल तर ते काम शेजारच्या काकूंना किंवा घरमालकाला आधीच सांगून ठेवा. टाकीत बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा नळ) नसेल तर तो बसवा, नाहीतर भरून वाहिलेलं पाणी आणि शेजाऱ्यांशी वाद दोन्ही पदरी पडतं.

गच्चीवरची काळी टाकी अकराला तापायला लागते आणि दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. तिच्यावर बारदान गुंडाळून वर पांढरा कपडा बांधा, किंवा हिरव्या जाळीचा मांडव घाला. तरी संध्याकाळी नळ सोडला की पहिलं दोन-तीन लिटर पाइपातलं उकळतं पाणी येतं. ते बादलीत धरा, तेलकट भांड्यांना उत्तम. संध्याकाळच्या आंघोळीचं पाणी मात्र सकाळी सहालाच बादल्यांत काढून बाथरूमच्या फरशीवर ठेवा. संध्याकाळी ते गार मिळतं.

माठ दोन घ्या, एक नव्हे. एकाचं आज प्यायचं, दुसरा रात्री भरून उद्यासाठी. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, आतून नुसत्या काथ्याने घासा, साबण अजिबात नको. साबण मातीत मुरतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचं पाणी पिऊ नका. माठ कुठे ठेवता यावर सगळं आहे. स्वयंपाकघरात गॅसशेजारी ठेवलेला माठ कोमटच राहणार. कूलरच्या खोलीतही ठेवू नका, कारण तिथली हवा ओली झालेली असते आणि माठही कूलरसारखाच कोरड्या हवेवर जगतो. गॅलरीत, सावलीत, जिथे झळा लागतात पण ऊन पडत नाही अशी जागा शोधा. तिवईवर ठेवा, भोवती ओलं सुती फडकं गुंडाळा. माठाच्या पोटावर पाझरलेल्या पाण्याचा ओलसर घाम दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर क्षाराने छिद्रं बुजली आहेत. जड पाण्याचा माठ दुसऱ्या वर्षी गार करत नाही तो यामुळेच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा घ्या; घागर भरायला तसाही कुंभाराकडे जाणंच होतं.

रात्री भिंती गरम का, हे आता. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि चार-पाच तासांनी आत सोडतो. दुपारी तीनचा ताव तुमच्या पलंगावर रात्री आठला उतरतो. त्यात छताचा पंखा छताखालची तापलेली हवा खाली ढकलतो. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं गार असायची ती वरच्या मातीच्या जाड थरामुळे. तुमच्याकडे माती नाही, तर पांढरा रंग तरी हवा.

गच्चीला चुना मारा, घरमालकाला विचारून. 500 चौरस फुटांना दोन हात द्यायला 10 ते 15 किलो चुना लागतो. कळीचा चुना आणलात तर तो भिजवताना उकळतो आणि उडतो: लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, मग त्यात थोडा थोडा चुना सोडा, डोळ्यांना चष्मा हवाच. प्लास्टिकची बादली वितळते. त्यापेक्षा भिजवलेल्या चुन्याची पावडर मिळते ती घ्या. रात्रभर पाण्यात ठेवून फडक्यातून गाळा, पातळ पिठल्याइतकं दाट करा, वर पाऊण-एक किलो फेविकॉल किंवा चुन्यात घालायचा डिंक घाला. गच्ची झाडून धुऊन घ्या आणि चुना सूर्य मावळल्यावर, स्लॅब हाताला सोसेल इतका झाल्यावर, तो जरा ओला करून मारा. लोक इथेच चुकतात. सकाळी दहाला मारलेला चुना तापल्या स्लॅबवर क्षणात सुकतो, पकडत नाही आणि आठवड्यात भुकटी होऊन वाऱ्याने उडतो. चुन्याला धरायला ओल लागते. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी, आडवा.

पश्चिमेच्या भिंतीचा आणि खिडकीचा विचार वेगळा करा. खिडकीच्या आतून लावलेला जाड पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते. बाहेरून हिरवी जाळी, बांबूची चटई किंवा जुनी चादर बांधा. गच्चीवर तुरीच्या तुऱ्हाट्या किंवा कपाशीची पऱ्हाटी पसरायची जुनी पद्धत गार ठेवते खरी, पण शहरात ती नको. एक ठिणगी पडली की वणवा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणंही तुमच्या 800 लिटरच्या हिशेबात बसत नाही. चुना आणि जाळी, एवढंच करा.

उघडझाप घड्याळावर करा. पहाटे पाच ते साडेसात सगळ्या खिडक्या सताड उघड्या. आठच्या आत उन्हाकडच्या बंद. कामावर जाताना सगळ्या बंद करा, पण स्वयंपाकघराचं वरचं झरोकं उघडं राहू द्या. परत आल्यावर लगेच खिडकी उघडायचा मोह होतो. साडेसहाला बाहेरही 40 अंशांच्या आसपास असतं. आधी कूलर लावा, आणि त्याच्यासमोरची बाहेर जायची वाट तेवढी उघडा. बाकीच्या खिडक्या नऊनंतर.

झोपायची गादी बघा. लग्नात मिळालेली फोमची गादी खालून हवा जाऊ देत नाही, अंगाची उष्णता धरून ठेवते. मे संपेपर्यंत ती उभी करून ठेवा आणि पलंगावर कापसाची पातळ गादी किंवा गोधडी, सुती चादर. गच्चीवर झोपायचं असेल तर स्लॅब साडेअकरापर्यंत गरमच असतो, म्हणून खाली अंथरू नका, खाट किंवा बाज न्या. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. विंचू उन्हाळ्यात रात्री बाहेर पडतो, तेव्हा अंथरूण आणि चप्पल दोन्ही झटकून घ्या. सामायिक गच्चीवर नव्या जोडप्याला संकोच वाटतो, ते स्वाभाविक आहे. शेजाऱ्यांशी बोलून एक कोपरा ठरवून घ्या, दोरीवर चादर टाकली की आडोसा होतो.

स्वयंपाक सकाळी साडेसातच्या आत उरका. त्यानंतरचा प्रत्येक पेटलेला तास संध्याकाळपर्यंत घरात राहतो. वरण-भात-भाजी कुकरच्या एकाच चढवणीत होतं. भाकरीला मात्र तवा लागतोच, म्हणून ती आधी. साडी नेसूनच ओट्याशी उभं राहायचं असा आग्रह घरात कोणाचा असेल तर नवऱ्याने तो मोडून काढावा. सुती गाऊन किंवा सैल ड्रेस यात अवघड काही नाही. आणि ओट्याशी आलटून पालटून उभे राहा. त्या उन्हाळ्यात गॅससमोर एक तास म्हणजे अंगमेहनतच आहे.

भाजी आंबते ती शिजून झाल्यावर ओट्यावर पडून राहते म्हणून. 40 अंशांच्या स्वयंपाकघरात शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पसरट परातीत गार पाणी घ्या, त्यात भाजीचं पातेलं ठेवा, वीस मिनिटांत कोमट होतं, मग फ्रिजमध्ये. गरम पातेलं सरळ आत ठेवलं तर बाकीचं तापतं. डब्यात नेताना ओला मसाला, खोबरं आणि टोमॅटो कमी; सुकी उसळ, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, ठेचा टिकतो. रात्री कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कांदा, ताक. दोघांना एवढं पुरतं आणि गॅस दहा मिनिटांत बंद होतो. फ्रिज भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा, मागची जाळी झाडा.

दह्याचं वेळापत्रक इथे बदलतं. नाशिकला रात्रभर लागणारं दही इथे पाच तासांत लागून आंबट होतं. अर्धा लिटर दुधाला पाव चमचा विरजण, दूध कोमटाहून गार, आणि रात्री साडेअकराला लावून पहाटे पाचला फ्रिजमध्ये. ताक रोज दोघांनी दोन-दोन पेले, मीठ-जिरं घालून. पन्ह्यासाठी अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढा, गराच्या दीडपट गूळ, चमचाभर मीठ, वेलची. हा गर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. लागेल तेव्हा एका पेल्याला दोन मोठे चमचे.

वाळवणाचं दडपण पहिल्या वर्षी घेऊ नका, पण एक किलो गव्हाच्या कुरडया दोघांना सहज जमतात आणि आखाजीच्या पुरणपोळीच्या ताटात त्या हव्याच. गहू आपल्या उन्हात दोन दिवस भिजले तरी पुरे, तिसऱ्या दिवशी वास मारतो. पाणी दिवसातून दोनदा बदला. दाणा दोन बोटांत चिमटला की पांढरं दूध निघालं पाहिजे. वाटा, पिळा, फडक्यातून गाळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओता, तळाशी घट्ट चीक राहतो. तो वाटीने मोजा. जितका चीक तितकंच पाणी उकळायला ठेवा, मीठ आणि हिंग घाला, मग आच मंद करून चीक बारीक धारेने सोडा आणि लाटण्याने एकसारखं हलवत राहा. इथे हात थांबला की गाठी. झाकून पाच-सात मिनिटं वाफ द्या. रंग पांढरट दुधी राहिला तर कच्चा आहे. काचेसारखी चकाकी आली आणि ओल्या बोटाला चिकटला नाही की झाला. गरम असतानाच सोऱ्यात भरा. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तुटते, आणि तळल्यावर फुलत नाही. सकाळी साडेसातच्या आत घालून व्हायला हव्यात. गच्चीला चुना मारलाय, तेव्हा खाली नाही, खाटेवर प्लास्टिक टाकून. ज्वारीची बिबडी (पापडासारखं वाळवण) दुसऱ्या वर्षी करा. थापायला सरावाचे चार हात लागतात.

तब्येतीचं. लघवी गडद पिवळी झाली किंवा जळजळ व्हायला लागली, म्हणजे उन्हाळी लागली, तर पाणी कमी पडतंय. तहान लागायची वाट न बघता तासाला एक पेला. नाशिकहून आलेल्या माणसाचं शरीर या उन्हाला सरावायला दोन आठवडे घेतं, तोवर दुपारी बारा ते चार बाहेर जायची कामं टाळा, जावंच लागलं तर डोकं-कान-मान झाकणारा सुती रुमाल. खिशातला कांदा भरवसा देतो, ऊन अडवत नाही. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. आणि बंद खोलीत 40 अंशांच्या वर नुसत्या पंख्याखाली बसू नका, तो भट्टीची हवा अंगावर फेकतो; अंगावर ओलं फडकं हवं. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून भाजतंय, चक्कर येऊन पडलं, तर तो उष्माघात आहे. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. पुढे दिवस राहिले असतील तर उन्हाळ्यात या सगळ्यात ढिलाई नको, डॉक्टरांना लवकर दाखवा.

आता एसी. कूलर 200 वॉटच्या आत चालतो, दहा तासांचे दोन युनिट. दीड टनाचा एसी, वर तापलेला स्लॅब असताना, आठ तासांत आठ-दहा युनिट खातो. महिन्याला 60 विरुद्ध 240 ते 300. आणि घरचा बाकीचा वापर धरून 300 युनिटची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटचा दर चढतो. वर वायरिंग तपासणं आलं, जुन्या घरातली बारीक तार गरम होते. म्हणून या वर्षी चुना, जाळी आणि कूलरची जागा एवढं करून बघा. पाणी टँकरने विकत घ्यावं लागत असेल तर मात्र हिशेब बदलतो, कारण एसीला पाणी लागत नाही. एसी घेतलात तर त्या खोलीत कूलर कधीच नाही. वीज जाते त्यासाठी इन्व्हर्टर असेल तर 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर कूलर आणि एक दिवा पाच-सहा तास चालतो. बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा.

जूनच्या मध्यावर एक दिवस कूलर लावूनही अंग चिकट होईल. हवेत ओल आली, आता गवत काही करणार नाही. पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर गवत काढून टाका, टब घासून उन्हात एक दिवस पूर्ण कोरडा करा, पंप काढून साध्या पाण्यात अर्धा तास चालवून पुसून ठेवा, मोटारच्या बुशांत मशीनचं तेल दोन थेंब, गंजलेल्या पत्र्याला रंगाचा एक हात, आणि वर चादर टाकून स्टँडवरून खाली उतरवा.